डाउनटाउनची जादा पट्टी: बिडची आकारणी ठरते कशी आणि आपण बोलायचं कुठे?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात, ऐन डाउनटाउनमध्ये, आमची छोटी दुमजली इमारत आहे. खाली बेकरी भाड्याने दिली आहे, वर माझ्या नवऱ्याचं अकाउंटिंगचं ऑफिस. शहराचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

गेल्या आठवड्यात पालिकेकडून जाड पाकीट आलं. जाहिरात असेल म्हणून रद्दीत टाकणार होते, पण सहज उघडलं तर आत मतपत्रिका! आमच्या भागात बिड, म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट आहे. त्याची मुदत संपतेय आणि पुढच्या १० वर्षांसाठी ते चालू ठेवायचं आहे; तुमची संमती की विरोध, असं विचारलंय. खाली आमच्या जागेची रक्कम: वर्षाला २,०५७ डॉलर. ही पट्टी आम्ही इतकी वर्षं प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात भरतोय, पण ती वेगळी ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती.

हिशोब असा दिलाय. रस्त्याला लागून असलेल्या कडेला फुटामागे १४ डॉलर, प्लॉटच्या चौरस फुटामागे ६ सेंट, बांधकामाच्या चौरस फुटामागे ८ सेंट. आमची जागा कोपऱ्याची. मुख्य रस्त्यावर २५ फूट आणि गल्लीत ९० फूट, म्हणून कडेचे ११५ फूट धरले. प्लॉट २,२५० चौ. फूट, बांधकाम ३,९००. म्हणजे १,६१० + १३५ + ३१२.

समोर नऊ मजली ऑफिस टॉवर आहे. यादीत त्याचेही आकडे सापडले: कड ३०० फूट, प्लॉट २०,०००, बांधकाम १,८०,०००. त्याची पट्टी १९,८००. मी भागाकार केला. टॉवरला बांधकामाच्या चौरस फुटामागे ११ सेंट पडतात आणि आम्हाला जवळजवळ ५३! रात्री झोप लागली नाही हो. हे कोण ठरवतं? आणि यात बोलायची जागा कुठे असते?

---

नारायणपेठी

वाचतोय. इकडे पुण्यात घरपट्टी, पाणीपट्टी माहीत आहे, ही तिसरी पट्टी कसली? पालिका झाडू मारत नाही का तिथे?

---

भूमापक

सोनटक्का, पाकीट उघडलंत हे फार बरं केलंत. मी कॅलिफोर्नियात सिव्हिल इंजिनिअर आहे आणि अशा आकारण्यांच्या अहवालांवर काही वर्षं काम केलंय. जरा सविस्तर लिहितो.

नारायणपेठी, पालिका झाडू मारते, पण ठरलेल्या वारंवारतेने. डाउनटाउनच्या मालकांना त्याहून जास्त हवं असतं: रोज फुटपाथ धुणं, भिंतींवर रंगवलेलं पुसणं, वाट दाखवणारी माणसं, कुंड्या, सणाची रोषणाई. वर्गणी काढून हे चालवलं की चार दुकानं देतात आणि स्वच्छ फुटपाथ मात्र चाळीस दुकानांना मिळतो. ही अडचण पहिल्यांदा कायद्याने सोडवली टोरांटोने. ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये १९७० साली. जमिनीखालून मेट्रो धावू लागली, नवीन मॉल उघडले आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक आटलं. मग तिथल्या व्यापाऱ्यांनी मागणी केली की ठरलेल्या हद्दीतल्या सगळ्यांकडून वसुली करायचा अधिकार द्या. तीच पद्धत पुढे अमेरिकेत आली. न्यू यॉर्कमध्ये युनियन स्क्वेअर १९८४ ला, फिलाडेल्फियाचं सेंटर सिटी डिस्ट्रिक्ट १९९१ ला.

आता कॅलिफोर्निया. इथे दोन कायदे एकावर एक बसलेत. १९९४ चा बिडचा कायदा आणि १९९६ ला मतदारांनी थेट मतदानाने कॅलिफोर्नियाच्या घटनेत घातलेली तरतूद, प्रपोझिशन २१८. दुसऱ्याने खेळच बदलला. त्यानुसार:

ज्या जागेला खास लाभ होतो तिच्याकडूनच पैसे घ्यायचे आणि लाभाच्या प्रमाणातच घ्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना होणारा सर्वसाधारण लाभ वेगळा काढायचा. तेवढा खर्च पट्टीतून करता येत नाही, तो देणग्या, अनुदान, कार्यक्रमांचं उत्पन्न यांतून आणावा लागतो. हे सगळं राज्याचा परवाना असलेल्या इंजिनिअरने लेखी अहवालात मांडून सही करायची. कोर्टात गेलं तर लाभ सिद्ध करायची जबाबदारी पालिकेची.

म्हणूनच तुमच्या हिशोबात मालमत्तेची किंमत कुठेच नाही. इथे १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे करासाठी धरलेली किंमत खरेदीच्या वेळी ठरते आणि नंतर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढते. शेजारशेजारच्या दोन सारख्या इमारती, एक १९८० मध्ये घेतलेली, दुसरी गेल्या वर्षी. कागदावरच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. फुटपाथ मात्र दोघांचा सारखाच धुतला जातो. म्हणून फूट आणि चौरस फूट.

तुमचा ५३ विरुद्ध ११ चा भागाकार बरोबर आहे, पण इंजिनिअर तो तसा मांडणार नाही. तो म्हणेल, झाडणारा माणूस कडेने चालतो, त्याचं काम फुटांत मोजलं जातं, आणि तुमच्या इमारतीभोवती ११५ फूट आहेत. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: गल्लीतले ९० फूट मुख्य रस्त्याच्याच दराने का? तिथे खरोखर तितक्याच वेळा झाडलं जातं का? अनेक ठिकाणी बाजूच्या रस्त्याला कमी दर असतो किंवा वेगळा पट्टा आखलेला असतो. तो दर अर्धा असता तर तुमचे ६३० डॉलर कमी झाले असते.

---

सोनटक्का

भूमापक, मनापासून आभार. गल्लीत मुख्य रस्त्याइतकं झाडत नाहीत हे मी डोळ्यांनी बघते. तिथे दिसतात ते सोमवारी आणि गुरुवारी. मग हा अर्धा दर मागायचा कुणाकडे?

---

भूमापक

हेच सांगताना मला वाईट वाटतं. सूत्र आता ठरून गेलंय.

क्रम असा असतो. आधी चालक संस्था, म्हणजे बिडचं काम चालवणारी खाजगी संस्था, आणि सल्लागार मिळून व्यवस्थापन आराखडा करतात. हद्द, कामं, अंदाजपत्रक, सूत्र, किती वर्षं, दरवर्षी जास्तीत जास्त किती वाढ, सगळं त्यात. मग त्यावर मालकांच्या सह्या गोळा होतात. राज्याच्या कायद्याप्रमाणे एकूण आकारणीपैकी ५० टक्क्यांहून जास्त भरणाऱ्यांच्या सह्या लागतात. एकाच मालकाची रक्कम एकूण आकारणीच्या ४० टक्क्यांवर गेली तर वरची रक्कम या मोजणीत धरत नाहीत, म्हणजे एका बड्याच्या जोरावर अर्ज पुढे जाऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोने स्वतःच्या नियमात सह्यांची ५० टक्क्यांची अट ३० टक्क्यांवर आणली आहे. सह्या जमल्या की सिटी कौन्सिल ठराव करतं, नोटीस आणि मतपत्रिका टपालाने जातात, किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी होते आणि तिथे मतं मोजतात.

तुम्ही शेवटच्या पायरीवर उभ्या आहात. इथे हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. सूत्रावर बोलायची वेळ आराखडा कच्चा असताना होती. त्या बैठका बऱ्याचदा सकाळी आठला असतात आणि बड्या मालकांचे प्रतिनिधी येऊन बसतात. छोटे मालक दुकान उघडत असतात.

---

हडसनकाठ

सकाळी आठची बैठक! अगदी खरं. आमच्याकडेही तेच.

मी न्यू यॉर्कमध्ये भाडेकरू म्हणून छोटं दुकान चालवतो, बाजू जरा वेगळी आहे. इथे बिडची पट्टी मालकाच्या नावावर येते, शहराचं वित्त खातं वर्षातून दोनदा वसूल करून संस्थेला देतं. पण माझ्या भाडेकरारात कलम आहे की बिडचा माझ्या जागेचा वाटा मी भरायचा. म्हणजे मत मालकाचं आणि पैसे माझे. करार करताना वकिलाने ते कलम दाखवलं होतं, मी मान डोलावली.

इथे सूत्र प्रत्येक बिडचं निराळं. कुठे करयोग्य मूल्य, कुठे कडेचे फूट, कुठे दोन्ही मिसळून. निव्वळ राहत्या घरांना बहुतेक ठिकाणी वर्षाला १ डॉलर. सरकारी आणि ना-नफा संस्थांच्या जागांना माफी. आणि एक मोठा फरक: सिटी कौन्सिलच्या सुनावणीनंतर ३० दिवसांत हरकत नोंदवायची असते. ५१ टक्के मालकांनी किंवा ५१ टक्के मूल्य असणाऱ्यांनी लेखी विरोध केला तरच बिड अडतं. जो गप्प बसला तो होकारात.

---

भूमापक

कॅलिफोर्नियात तसं नाही, आणि हे सोनटक्कांनी नीट लक्षात घ्यावं. इथे फक्त परत आलेल्या मतपत्रिका मोजतात. प्रत्येक मताचं वजन रकमेएवढं. तुमचं मत २,०५७ चं, टॉवरचं १९,८०० चं. विरोधाची बेरीज होकाराच्या बेरजेपेक्षा जास्त झाली तर कौन्सिलला पट्टी लावताच येत नाही. रद्दीत गेलेलं पाकीट कुणाच्याच बाजूने पडत नाही.

शिवाय पालिकेच्या स्वतःच्या जागाही यात असतात. ग्रंथालय, पार्किंग. प्रपोझिशन २१८ ने सरकारी जागांना सरसकट माफी ठेवली नाही, त्यामुळे त्या पट्टी भरतात आणि त्यांचं मतही मोजलं जातं.

---

मनवा_वकील

या शेवटच्या मुद्द्यावर सॅन डिएगोचा निकाल आहे. ग्रेटर गोल्डन हिल भागात पालिकेने २००७ ला देखभालीसाठी आकारणी लावली. ते बिड नव्हतं, पण प्रपोझिशन २१८ तीच. रहिवासी कोर्टात गेले आणि २०११ ला अपील कोर्टाने आकारणी रद्द ठरवली. इंजिनिअरच्या अहवालात खास लाभ आणि सर्वसाधारण लाभ वेगळे केलेलेच नव्हते. पालिकेच्या जागांना जे वजन दिलं त्याचाही पुरेसा आधार अहवालात नव्हता.

उलट बाजूचा निकाल पोमोनाचा, २००९. तिथल्या डाउनटाउन बिडने काही ना-नफा संस्थांना सवलत दिली म्हणून एका मालकाने आव्हान दिलं. कोर्टाने बिड टिकवलं. एकाला सवलत दिली तरी बाकीच्यांवर त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त भार येत नसेल तर चालतं.

आणि न्यू यॉर्कचं केसलर प्रकरण, १९९८. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या भागातल्या बिडच्या संचालक मंडळात मालकांचं बहुमत राखीव होतं. रहिवाशांच्या बाजूने म्हणणं मांडलं गेलं की ही निवडणूक आहे, तर प्रत्येकाचं मत समान हवं. फेडरल अपील कोर्टाने ते मानलं नाही: संस्थेचं काम मर्यादित, भार मालकांवर, म्हणून मालकांचं पारडं जड असू शकतं. मला हा निकाल आजही खटकतो. हडसनकाठ यांनी वर लिहिलंय तसा भार शेवटी दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो, आणि न्यायालयाने सगळा हिशोब मालकाच्या बिलावर थांबवला.

---

नारायणपेठी

आता मला उमगायला लागलं. हा तर आमच्या सोसायटीचा वाद! आदर्श उपविधीत सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, पाणी नळांप्रमाणे, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. तीन खोल्यांवाले म्हणतात समानच हवं, एका खोलीवाले म्हणतात क्षेत्रफळाप्रमाणे घ्या, तळमजल्याचे म्हणतात आम्ही लिफ्ट वापरत नाही. दर सर्वसाधारण सभेत दोन तास यातच जातात. पण आमच्याकडे एका सदनिकेला एक मत, मोठ्या फ्लॅटवाल्याला दहा नाहीत. मला ते जास्त न्याय्य वाटतं.

---

टेम्सवरून

नारायणपेठी, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इंग्लंडमध्ये आहे. इथे २००३ च्या कायद्याने बिड आले, पहिलं किंग्स्टनचं, २००५. पट्टी जागामालकाऐवजी व्यवसाय चालवणारा भरतो, रेटेबल व्हॅल्यूच्या (जागेचं करासाठी धरलेलं वार्षिक भाडेमूल्य) काही टक्के, बऱ्याच ठिकाणी एक-दीड टक्क्याच्या आसपास. मतदानात दोन बहुमतं लागतात: मतं देणाऱ्यांच्या संख्येचं आणि त्यांच्या रेटेबल व्हॅल्यूचंही. एकटी मोठी दुकानं पुरी पडत नाहीत, एकटी छोटी दुकानंही नाहीत. मुदत ५ वर्षं, मग पुन्हा मत. अगदी लहान व्यवसायांना बऱ्याच बिडांत उंबरठा ठेवून वगळतात. आमचं उपाहारगृह त्या उंबरठ्याच्या जरासं वर आहे, म्हणून भरतो आणि मत देतो. गेल्या वेळी मी पाच शेजाऱ्यांना दुकानात जाऊन मतपत्रिकेची आठवण केली.

---

फुटपाथ

मी कॅलिफोर्नियातच एका बिडच्या चालक संस्थेत हिशोबाचं काम करतो. कुठलं ते सांगत नाही. आतली बाजू थोडी मांडतो, कारण रक्कम ठरण्याइतकंच ती नंतर कशी हाताळली जाते हे महत्त्वाचं आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही.

पैसा काउंटीच्या (इथलं जिल्हा प्रशासन) प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून येतो. पहिला हप्ता १० डिसेंबर, दुसरा १० एप्रिल ओलांडला की दंड. काउंटी पालिकेला देते, पालिका करारानुसार आम्हाला. म्हणजे जुलैत वर्ष सुरू होतं आणि मोठी रक्कम हिवाळ्यात हातात पडते. मधल्या महिन्यांत झाडणाऱ्यांचे पगार द्यायचे असतात, म्हणून गंगाजळी राखावी लागते. ती जास्त दिसली की मालक विचारतात पैसे पडून का, कमी झाली की ऑक्टोबरात माझी धाकधूक सुरू.

आराखड्यात वार्षिक वाढीची कमाल मर्यादा असते, समजा ५ टक्के. त्या आत किती वाढवायचं हे आमचं मंडळ ठरवतं. त्याच्या वर जायचं तर पुन्हा मतपत्रिका. खर्च आराखड्यातल्या शीर्षकांप्रमाणेच करायचा. स्वच्छतेचा पैसा उचलून सरळ उत्सवावर लावता येत नाही. दरवर्षी कौन्सिलला अहवाल जातो. आणि आमची संस्था खाजगी असली तरी बिडच्या कामापुरत्या बैठका खुल्या ठेवाव्या लागतात, कागदपत्रं मागितली तर द्यावी लागतात. सोनटक्का, तुम्ही बैठकीची विषयपत्रिका मागू शकता, हवं तर गल्लीचं झाडण्याचं वेळापत्रक आणि कामाच्या नोंदीही. ते मागा. आमच्याकडे माझ्या आठवणीत असा अर्ज करणारे मालक दोनच.

बांधकामाचं क्षेत्रफळही तपासा. आम्ही काउंटीच्या नोंदी उचलतो आणि त्या कधी कधी जुन्या असतात.

---

निंबोणी

सगळे सूत्राबद्दलच बोलताय, पण या पैशातून काय होतं तेही बोला. मी ऑकलंडला बेघरांसाठी अन्नवाटप करते. डाउनटाउनमध्ये रात्री दारात झोपलेल्या माणसाला उठवायला गणवेशातली माणसं येतात, त्यांचा पगार अशाच पट्टीतून येतो. बर्कलीच्या कायदा महाविद्यालयाच्या लीगल क्लिनिकने (विद्यार्थ्यांचं कायदेविषयक काम करणारं केंद्र) २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या बिडांवर अहवाल काढला होता: बसणं, झोपणं, भीक मागणं यांवरच्या बंदीच्या बाजूने बिड कशी मोर्चेबांधणी करतात, आणि त्यात आकारणीचा पैसाही वापरला जातो. तुमच्या ग्रंथालयाची पट्टी सार्वजनिक तिजोरीतून भरली जाते हे लक्षात घ्या. ज्याला झोपायला जागा नाही त्याचंही त्या तिजोरीत काहीतरी आहे.

---

फुटपाथ

निंबोणी, हा आरोप मी झटकणार नाही. आमच्याकडे यावर मंडळात दोन बैठका वाद झाला. आता गणवेशातल्या माणसांबरोबर एक समाजकार्यकर्ता जातो आणि त्याचा पगार शीर्षकात स्वतंत्र दाखवलाय. तेवढ्याने सुटलं असं मी म्हणत नाही.

---

कोकणवारा

भूमापक, आमचा डाउनटाउनमध्ये राहता फ्लॅट आहे, सॅक्रमेंटोला. आम्हालाही येते पट्टी. घरालासुद्धा?

---

भूमापक

झोनिंग बघा, म्हणजे तुमची जागा पालिकेने कुठल्या वापरासाठी ठरवली आहे ते. फक्त निवासी झोन असेल तर १९९४ च्या कायद्याने पट्टी लागूच होत नाही. मिश्र किंवा व्यापारी झोनमधल्या फ्लॅटला लागू शकते. दर वेगळा असू शकतो, कारण घराला होणारा लाभ दुकानासारखा नसतो.

---

सोनटक्का

बरेच दिवस लिहिता आलं नाही, क्षमा असावी. काय काय झालं ते सांगते.

फुटपाथ यांचं ऐकून क्षेत्रफळ तपासलं. मागची ६०० चौ. फुटांची कोठी आम्ही चार वर्षांपूर्वी पाडली, तरी नोंदीत ती उभीच. बांधकाम ३,३०० हवं होतं. पाडण्याच्या परवान्याची प्रत जोडून पत्र दिलं. दुरुस्ती मान्य झाली. फरक किती? ४८ डॉलर. तीन आठवडे फोन करून ४८ डॉलर. त्या दिवशी मला भूमापक यांचं म्हणणं पूर्ण कळलं: चूक शोधून ४८ सुटले, सूत्र वेळेवर बघितलं असतं तर ६३०.

मग झाडण्याच्या नोंदी मागितल्या. दहा दिवसांत मिळाल्या. गल्लीत आठवड्यातून दोनदा, मुख्य रस्त्यावर रोज. कागदावर त्यांच्याच अक्षरात! तो कागद घेऊन मी सकाळी आठच्या बैठकीला गेले. बेकरीवाली मुलगी पहाटे तीनपासून कामावर असते, तीही आली, पीठ लागलेल्या ऍप्रनमध्येच. आमच्या करारात पट्टीचा भार तिच्यावर टाकणारं कलम आहे हे मला हडसनकाठ यांचा प्रतिसाद वाचून आठवलं. मी आणि नवऱ्याने करार काढून बघितला, आणि मला तिच्याकडे बघवेना. त्या ओळीतले १,३०० डॉलर ती भरत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

बैठकीत सांगण्यात आलं की आता सूत्र बदललं तर सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागेल. दर तसाच राहणार. मात्र त्याच दरात गल्ली रोज झाडायची, असा ठराव त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घेतला.

मतपत्रिकेचं काय करावं यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. आधी मी विरोधाची खूण करून पाठवली होती. मनवा, तुम्हाला विचारायचं होतं, ती बदलता येते का?

---

मनवा_वकील

येते. सुनावणीत लोकांचं म्हणणं ऐकून संपेपर्यंत मतपत्रिका देता, बदलता किंवा मागे घेता येते. सिटी क्लार्ककडे (पालिकेचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) जा आणि नवी मागा. सही लागते, आणि मोजणीनंतर मतपत्रिका सार्वजनिक दस्तऐवज होतात, म्हणजे कुणी कसं मत दिलं ते बघता येतं. शेजाऱ्यांपासून ते लपणार नाही एवढं ध्यानात ठेवा.

---

सोनटक्का

गेले क्लार्ककडे. बदललं, होकार दिला. रोज सकाळी गल्ली धुतलेली दिसते आता, आठ दिवस झाले, मी मोजतेय. सुनावणी पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सहाला आहे, दोन मिनिटं बोलायला मिळतात. गल्लीच्या दराबद्दल बोलणार आहे, म्हणजे पुढचा आराखडा होईल तेव्हा नोंद असेल. बेकरीच्या करारातलं ते कलम आम्ही काढतोय. आणि मंडळावर भाडेकरूंसाठी एक जागा रिकामी आहे असं बैठकीतच कळलं. तिचा अर्ज काल रात्री आम्ही दोघींनी बसून भरला.

---

हडसनकाठ

सोनटक्का, त्या कलमाबद्दल वाचून डोळे भरून आले. आमच्या बिडचीही बैठक या गुरुवारी आहे. सकाळी आठला. दुकान नऊला उघडेन.